उधारीतून भरणा वजा केला, मग उरलं कोण?



मागच्या व्हिडिओत आपण उधारीची वही एक्सेलमध्ये कशी उतरवायची ते पाहिलं. आता पुढचा प्रश्न. एका यादीत आहेत उधारीवाले. दुसऱ्या यादीत आहेत पैसे भरून गेलेले. पहिल्या यादीतून दुसरी यादी काढून टाकायची आणि जे उरतील त्यांना आठवणीचा मेसेज पाठवायचा. ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं ना? या दोन मिनिटांच्या कामाने माझी दोनदा फजिती केली आहे, म्हणून व्हिडिओत जे घाईत बोललो ते इथे नीट लिहितो.

माझं शिरपूरला हार्डवेअर आणि पाईप फिटिंगचं दुकान आहे. आपल्याकडे धंद्याचं चक्र तुम्हाला माहीतच आहे. मे-जूनमध्ये शेतकरी पाईप, व्हॉल्व्ह, मोटारीचं सामान घेऊन जातो आणि कापूस विकला गेला की हिशोब करतो. मधले चार-पाच महिने आपली वही भरलेली आणि गल्ला रिकामा. त्यामुळे दिवाळीच्या आसपास कोणाला आठवण करायची आणि कोणाला नाही, यावर माझं पुढच्या मालाचं पेमेंट अवलंबून असतं.

आधी आमचा दुकानातला मुलगा हे काम हाताने करायचा. पेन घेऊन नाव खोडायचं, संपलं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला आणि म्हणाला, "मामा, हे मी आर मध्ये करून देतो, रोज सकाळी आपोआप यादी निघेल." आर म्हणजे आकडेशास्त्रासाठी बनवलेली प्रोग्रामिंगची भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. तिची १.० आवृत्ती २००० सालच्या २९ फेब्रुवारीला आली. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. बीबीएला असताना स्टॅटिस्टिक्सचा पेपर मी कसाबसा काढला होता, त्यामुळे आधी हात जोडले. पण यादी वजा करण्यापुरती ही भाषा खरंच अवघड नाही.

पहिली फजिती अशी झाली. थाळनेरकडचे एक काका, वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन सगळा हिशोब चुकता करून गेले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच मोबाईलवर आमचा मेसेज: "आपली थकबाकी तातडीने जमा करावी." काका दहा वाजता दुकानात हजर. ओरडले नाहीत. मोबाईल काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पैसा त कालच दिधात ना भाऊ, मंग हाई काय?" दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

चूक कुठे होती? उधारीच्या यादीत त्यांचं नाव "पाटील आबा थाळनेर" असं होतं. भरण्याच्या यादीत मुलाने लिहिलं होतं "आबा पाटील, थाळनेर". आपल्याला दोन्ही एकच माणूस. कॉम्प्युटरला दोन वेगळे. त्याने दुसऱ्या यादीत नाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून बाकीत ठेवलं. त्याच्या हिशोबाने तो बरोबर.

शिरपूर तालुक्यात नावावरून यादी वजा करणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. माझ्याकडे एकाच गावचे, एकाच नावाचे तीन-तीन पाटील आहेत. उलटाही घोटाळा होतो: एका पाटलांनी भरले आणि तिघंही यादीतून गायब. मराठीत टाईप करत असाल तर अजून एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. तऱ्हाडी गावाचं नाव घ्या. त्यातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. मोबाईलच्या कीबोर्डने एका प्रकारे उमटतो, दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या प्रकारे. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे, आत साठवलेली अक्षरं मात्र वेगळी. मग "तऱ्हाडी" आणि "तऱ्हाडी" जुळत नाही, आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत डोकं खाजवत बसता. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा जुळणी बिघडवते.

मग मोबाईल नंबर धरला. तो बरा, पण तोही धुऊन घ्यावा लागतो. कोणी ९१ लावून लिहितं, कोणी मध्ये जागा सोडतं. बारा आकडी नंबर एक्सेलमध्ये साध्या खान्यात टाकला की तो ई-प्लस वगैरे करून भलतंच दाखवतो. म्हणून आधी सगळी चिन्हं आणि जागा काढायच्या, मग शेवटचे दहा आकडे ठेवायचे, आणि हे दोन्ही याद्यांना सारखंच करायचं. एकाच यादीला साबण लावून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष वजाबाकी. कोड व्हिडिओत स्क्रीनवर इंग्रजीत दिसतो, इथे वाचायला सोपं म्हणून आपल्या लिपीत लिहितो.

पहिला रस्ता: सेटडिफ(उधारी, भरणा). अर्थ: उधारीत आहे पण भरण्यात नाही, ते दे. नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण संचाचं आहे, त्याच घरातली ही गोष्ट. संचात एक वस्तू एकदाच असते, म्हणून सेटडिफ उत्तर देताना दुबार नोंदी काढून टाकतं. एका गिऱ्हाईकाची तीन बिलं बाकी असतील तर त्याचा नंबर उत्तरात एकदाच येईल. मेसेज पाठवायला हे उत्तम, कारण एकाच माणसाला तीन मेसेज जात नाहीत. पण याच यादीवरून एकूण किती बिलं बाकी आहेत हे मोजलंत तर आकडा कमी येईल.

दुसरा रस्ता: उधारी[!(उधारी %इन% भरणा)]. दिसायला भयंकर आहे, पण आतून सरळ आहे. टक्क्याच्या दोन चिन्हांमधलं "इन" उधारीतल्या एकेका नोंदीला विचारतं, "तू भरण्याच्या यादीत आहेस का?" उत्तर हो किंवा नाही. उद्गारचिन्ह त्या उत्तराला उलटं करतं. ज्यांचं उत्तर शेवटी "हो" ते उरतात. यात दुबार नोंदी तशाच राहतात, क्रमही तोच राहतो. मी आता रोजच्या कामाला हाच वापरतो.

बरेच शिकाऊ लोक इथे सरळ "बरोबर नाही" चं चिन्ह लावतात, म्हणजे उधारी != भरणा. मीही लावलं होतं. हे करू नका. ते पहिल्या नोंदीची पहिल्याशी, दुसरीची दुसरीशी अशी जोडीजोडीने तुलना करतं. भरण्याची यादी संपली की परत तिच्या पहिल्या नोंदीपासून सुरुवात करतं. उधारीत ६० नावं आणि भरण्यात २० असतील तर ६० ला २० ने बरोबर भाग जातो, म्हणून आर एक चकार शब्द बोलत नाही. चुकीची यादी शांतपणे हातात ठेवतं. १७ नावं असती तर निदान इशारा तरी दिला असता.

आता दुसरी फजिती, जिने पैसे अडकवले.

भाच्याने पहिल्यांदा जो कोड लिहिला त्यात त्याने अजून वेगळा रस्ता धरला होता. "विच" नावाचं फंक्शन जुळणाऱ्या नोंदींच्या जागा सांगतं: तिसरी, सातवी, बारावी. मग उणे चिन्ह लावून त्या जागा वगळायच्या. उधारी[-विच(उधारी %इन% भरणा)]. दीड महिना झकास चाललं. रोज सकाळी ज्यांची मुदत आज संपते त्यांच्या यादीतून भरलेले वजा व्हायचे आणि उरलेली यादी मुलाच्या मोबाईलवर जायची.

दिवाळीत दुकान दोन दिवस बंद. भरणा शून्य. उघडलं त्या सकाळी यादी निघाली ती पूर्ण कोरी. मुलाला वाटलं आज कोणाकडेच बाकी नाही. मला तर वाटलं लक्ष्मी पावली! प्रत्यक्षात दोन दिवसांत कोणीच भरलं नव्हतं, म्हणजे यादी सगळ्यात मोठी असायला हवी होती.

झालं असं: जुळणारं कोणीच नाही, म्हणून "विच" ने रिकामी यादी दिली. रिकाम्याला उणे लावलं तरी ते रिकामंच राहतं. आणि आर ला "रिकाम्या जागांवरच्या नोंदी दे" असं सांगितलं की तो काहीच देत नाही. आपल्याला म्हणायचं होतं "कोणालाही वगळू नको", त्याने ऐकलं "कोणालाही देऊ नको". चूक म्हणून लाल अक्षरात काही येत नाही. फक्त कोरी यादी.

हे कळायला पंधरा दिवस गेले, तेही महिन्याचा हिशोब जुळेना म्हणून वही घेऊन बसलो तेव्हा. मुदतीची तारीख निघून गेली होती, त्यामुळे ती माणसं पुढच्या कुठल्याच यादीत आली नाहीत. तोवर कापसाचा पैसा आला आणि गेला. कोणी हरभऱ्याच्या बियाण्यात घातला, कोणाच्या घरी लग्न निघालं. त्यांची काही चूक नाही, मी मागितलेच नाहीत तर ते कशाला थांबतील? त्यातले बरेच पैसे थेट आखाजीला आले. तोवर मला एका व्यापाऱ्याचं पेमेंट चुकवताना घरच्या एफडीला हात घालावा लागला.

तेव्हापासून माझ्या कोडमध्ये दोन गोष्टी पक्क्या आहेत. "उणे विच" बंद. आणि यादीबरोबर तीन आकडे छापले जातात: एकूण किती, वजा किती, उरले किती. वजा आणि उरलेले मिळून एकूण झालेच पाहिजेत. ६० एकूण, ० वजा, ० उरले असं दिसलं की चौथी शिकलेला माणूससुद्धा म्हणेल काहीतरी गडबड आहे.

इथे एक मर्यादाही सांगून टाकतो. गिऱ्हाईकाच्या नंबरावरून वजा केलं तर ज्याने दोनपैकी एक बिल भरलं त्याचं दुसरं बिलही यादीतून उडतं. म्हणून उधारीत खरी ओळख बिल नंबरची, माणसाची नाही. आणि ज्याने दहा हजारांपैकी सहा हजार दिले त्याचं काय? तो भरणाऱ्यात आहे की बाकीत? यादीची वजाबाकी इथे कामाची नाही, रकमेची वजाबाकी लागते. आपल्याकडे अर्ध्या भरण्याचीच पद्धत जास्त, त्यामुळे हा विषय वेगळा घ्यावा लागेल.

उधारीपेक्षा मोठा पैसा मात्र मला याच वजाबाकीने जीएसटीत वाचवून दिला. रेग्युलर नोंदणी असलेल्यांनी पुढचं लक्ष देऊन वाचा. कंपोझिशनवाल्यांना क्रेडिटच मिळत नाही, त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

आपण माल घेतो तेव्हा त्यावर भरलेला जीएसटी आपल्याला वळता मिळतो, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम कडक आहे: समोरच्या व्यापाऱ्याने आपलं बिल त्याच्या विवरणात दाखवलं आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलं, तरच क्रेडिट. आपल्या हातात छापील बिल आहे, पैसे दिले आहेत, माल गोडाऊनमध्ये आहे, याने भागत नाही. पाईपवर १८ टक्के जीएसटी. ५०,००० च्या मालाचं एक बिल राहिलं तर ९,००० रुपये अडकले. आमच्या धंद्यात त्या बिलावर निव्वळ नफा तेवढा सुटत नाही.

म्हणजे परत दोन याद्या. एक आपली खरेदीची, एक २बी ची. महिन्याचं विवरण भरणारा व्यापारी ११ तारखेपर्यंत आपली विक्री दाखवतो, १४ ला आपली २बी तयार होते, आणि आपल्याला ३बी साधारण २० पर्यंत भरायचं असतं. मधले पाच-सहा दिवसच कामाचे.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. पाचातून तीन आणि तीनातून पाच हे वेगळं, तसंच. खरेदी वजा २बी केलं की जी बिलं उरतात ती समोरच्याने दाखवलेली नाहीत. त्या व्यापाऱ्याला लगेच फोन. लगेच भांडू मात्र नका. ज्यांची उलाढाल पाच कोटींपर्यंत आहे ते तिमाही विवरण भरू शकतात, आणि मधल्या महिन्यांची बिलं दाखवण्याची सोय त्यांनी वापरली नाही तर बिल तिमाही संपल्यावरच दिसतं. तो लबाड नाही, त्याचा हप्ता वेगळा आहे इतकंच. पण आपलं भांडवल तोपर्यंत अडकतं, हे पुढच्या वेळी भाव ठरवताना लक्षात ठेवायचं.

उलट, २बी वजा खरेदी केलं की जी उरतात ती बिलं सरकारकडे आपल्या नावावर आहेत पण आपल्या वहीत नाहीत. कधी माल अजून ट्रान्सपोर्टमध्ये असतो. कधी मुलाने बिल ड्रॉवरमध्ये टाकलेलं असतं, नोंदच केलेली नसते. आणि कधी कधी कोणीतरी आपला जीएसटी नंबर वापरून भलत्याच मालाचं बिल फाडलेलं असतं. बरेच दुकानदार पहिली वजाबाकी करतात, ही दुसरी करतच नाहीत. मीही पहिली दोन वर्षं केली नव्हती.

जुळवायची ओळख इथेही नीट निवडा. नुसता बिल नंबर चालणार नाही, कारण ४५ नंबरचं बिल जळगावच्या व्यापाऱ्याचंही असेल आणि इंदूरच्याही. पंधरा अक्षरी जीएसटी नंबर आणि बिल नंबर दोन्ही मिळून धरा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. आपण सीमेवरचे लोक, सेंधव्याकडूनही माल येतो आणि सुरतेकडूनही, त्यामुळे एवढ्या दोन आकड्यांवरून कुठला व्यापारी राहिला ते लगेच दिसतं. बिल नंबरात सोळापर्यंत अक्षरं, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. व्यापारी छापतो "२५-२६/००४५" आणि आपला मुलगा लिहितो "४५". फाईल उघडतानाच आर ला सांगा की हा खाना अक्षरांचा आहे, आकड्यांचा नाही. नाहीतर जिथे नुसतं "००४५" लिहिलंय तिथली पुढची शून्यं तो खाऊन टाकतो. दोन खाने मिळून वजा करायचं असेल तर डीप्लायर नावाच्या पॅकेजमध्ये अँटी-जॉइन आहे. ते अख्खी ओळ देतं, रक्कम आणि तारखेसकट, त्यामुळे फोन करताना कागद शोधावा लागत नाही.

ज्यांना आर नको वाटतं त्यांनी एक्सेलमध्ये काउंटइफ लावा. दुसऱ्या यादीत किती वेळा सापडलं ते विचारा, आणि जिथे उत्तर शून्य तेवढ्याच ओळी फिल्टर करा. व्हीलूकअप लावलात तर जिथे एन-ए ची चूक दिसते त्याच ओळी आपल्या कामाच्या. लोक ती चूक बघून घाबरतात आणि ओळ पुसून टाकतात! शंभर-दोनशे बिलांपर्यंत एक्सेल पुरे. माझ्याकडे सीझनला त्याहून जास्त होतात, आणि दर महिन्याला तेच सूत्र परत ओढायचा कंटाळा येतो, म्हणून मी आर वर आलो.

थाळनेरच्या काकांचं सांगायचं राहिलं. त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी हसण्यावारी नेलं, पण हल्ली पैसे दिले की काउंटरवरून हलत नाहीत. मुलाला बिल नंबर टाकायला लावतात, स्क्रीन स्वतःकडे फिरवून घेतात, आणि यादीतून आपलं बिल गेलेलं बघूनच चहा घेतात.

पुढच्या व्हिडिओत अर्ध्या भरण्याचा हिशोब घेऊ. बसण्याआधी आपली उधारीची फाईल उघडा, त्यात बिल नंबरचा खाना नसेल तर तेवढा भरून ठेवा. मागच्या दोन महिन्यांचा भरला तरी चालेल.